केंस घोड्याचे, हौस धन्याची

घोड्याच्या अंगावरील केंस कातरावे कीं न कातरावे, हा प्रश्न अग्रलेखास शोभण्याजोगा आहे काय, असें आमचे कांहीं वाचक विचारतील. ज्या शहराच्या दारांत पाण्याचा, रस्त्यांचा, गोदावरीच्या शुद्धतेचा आणि कांद्या-द्राक्षांच्या भावाचा प्रश्न रोज उभा, त्या नाशकांत घोड्याच्या लवेची चर्चा करणें हा रिकामटेकडेपणा आहे, असेंहि कोणी म्हणेल. यावर आमचें उत्तर असें कीं, समाजाच्या बुद्धीची परीक्षा मोठ्या प्रश्नांपेक्षां अशा लहान प्रश्नांतच अधिक चांगली होते. मोठ्या प्रश्नावरील मत मनुष्य पुष्कळदां दुसऱ्यापासून उसनें घेतो; पण स्वतःच्या दावणीस बांधलेल्या मुक्या जनावराशीं तो कसा वागतो, हें मात्र सर्वस्वीं त्याचें स्वतःचें असतें. आणि या लहानशा कातरकामाचा इतिहास पाहिला, तर त्यांत रूढीचें आंधळेपण, परक्यांची नक्कल आणि खरें ज्ञान, या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणीं दिसतात. म्हणून हा विषय आम्हीं आज हातीं घेतला आहे.

नाशिक आणि घोडा यांचा संबंध आजचा नव्हे. मुंबई-आग्रा रस्ता याच शहरावरून जातो. आणि थळ घाट चढून १८६५ सालीं आगगाडी इगतपुरीस पोंचेपर्यंत, मुंबईकडून वर येणारा माल व माणूस जनावरांच्या पायांनींच घाट चढत असे. आगगाडी आली तरी स्टेशन पडलें शहरापासून दूर, नाशिक रोडला. तेव्हां १८८९ च्या सुमारास स्टेशन व शहर यांच्यामध्यें ट्रामगाडी सुरू झाली, आणि तिचे डबे ओढण्यास प्रथम जुंपले ते घोडेच. १९३० नंतर थोड्याच वर्षांत ती ट्राम बंद पडली. पण यात्रेकरूंस रामकुंडावर व त्र्यंबकेश्वरास नेणारे टांगे पुढेंहि पुष्कळ वर्षें चालत राहिले. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनीं १९३७ सालीं स्थापन केलेल्या भोंसला मिलिटरी स्कुलांत मुलांस अश्वारोहणाचें शिक्षण मिळूं लागलें. आज टांगे जवळजवळ दिसेनासे झाले आहेत. पण घोडा गेलेला नाहीं. वरातीस घोडी लागते, मिरवणुकीस घोडा लागतो, आणि सिंहस्थांत आखाड्यांच्या शाही मिरवणुकी घोड्यांवांचून निघत नाहींत. २०१५ च्या सिंहस्थांत हें सर्वांनीं पाहिलें आहे. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्तानें घोड्यांच्या निगेचा विचार करणें म्हणूनच अप्रस्तुत ठरणार नाहीं.

घोड्याचे केंस कातरण्याची विद्या साहेबानें आणली, असा एक समज आहे. तो खरा नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाच्या कामांचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत घोड्यांच्या चाकरीस असणाऱ्या माणसांची यादी दिली आहे. लगाम धरणारा, ठाणावर बांधणारा, गवत आणणारा, खाणें शिजविणारा, जागेची राखण करणारा व विष ओळखणारा वैद्य. आणि यांच्याच पंक्तीस केशकार, म्हणजे केंस कातरणारा. यांपैकीं कोणी आपल्या कामांत कुचराई केली, तर त्याचें त्या दिवसाचें वेतन कापावें, असेंहि तेथें सांगितलें आहे. वाचकांनीं या एका गोष्टीकडे नीट लक्ष द्यावें. केंस कातरणें हें त्या काळीं धन्याच्या लहरीचें काम नव्हतें. तें एका जबाबदार माणसाकडे सोंपविलेलें, चुकल्यास दंड असलेलें काम होतें. घोड्याचें स्नान, खाणें आणि केंस हीं तिन्ही एकाच हिशेबांत धरलेलीं होतीं.

पुढें मात्र आमची दृष्टि बदलली. शालिहोत्राच्या नांवानें चालत आलेली अश्वविद्या मोठी होती. मोगलांच्या अमदानींत तिचें फारसींत भाषांतर झालें, आणि घोड्याच्या वैद्यास सालोतरी हें नांव तिच्यावरूनच पडलें. परंतु त्या विद्येंतील औषधाचा व निगेचा भाग हळूहळू मागें पडला, आणि लक्षणांचा भाग लोकांच्या तोंडीं राहिला. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत अश्वलक्षणांचा अध्याय आहे. त्यांतील केंसांच्या भोंवऱ्यांचा विचार आज शास्त्र म्हणून कोणी वाचीत नसेल, पण घोड्यांच्या बाजारांत तो अद्याप चालतो. नंदुरबार जिल्ह्यांत तापीच्या कांठीं सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेंत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोडा घेणारा मनुष्य अशा बाजारांत जनावराचे दांत व खूर पाहतो, हें योग्यच आहे. पण गळ्यावर देवमण आहे कीं नाहीं, कपाळावरचा भोंवरा कोणीकडे वळला आहे, हेंहि तो तितक्याच बारकाईनें पाहतो, आणि त्यावर हजारों रुपयांचा फरक करतो. ज्या केंसांवरून घोड्याच्या पोटाची, कातडीची व वयाची परीक्षा व्हावयाची, त्या केंसांवरून आम्ही आपल्या नशिबाची परीक्षा करतों! रुक्ष, उभे राहिलेले केंस पाहून खरेदीदारानें घोड्यास जंत झाले आहेत काय, असें विचारावें. तें सोडून तो भोंवऱ्याची दिशा विचारतो. यांत घोड्याचेंहि हित नाहीं आणि पैशाचेंहि नाहीं.

मराठ्यांच्या इतिहासांत याच्या अगदीं उलट दृष्टीचें उदाहरण आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजीमहाराजांनीं चिपळूणच्या बाजूस असलेल्या आपल्या लष्करास एक पत्र धाडलें. त्यांत पागेच्या घोड्यांसाठीं सांठविलेला दाणा व वैरण जपून वापरावी, आज मन मानेल तशी उधळूं नये, नाहींतर ऐन पावसाळ्यांत घोडे उपाशीं मरतील आणि त्यांच्या मरणाचें पाप तुमच्याच माथीं येईल, असें निक्षून बजावलें आहे. त्यांत घोड्याच्या शृंगाराचा शब्द नाहीं. सारा विचार त्याच्या पोटाचा आहे. भीमथडीच्या लहान, काटक तट्टांनीं मराठ्यांस जी सेवा दिली, ती शृंगारामुळें नव्हे, अशा निगेमुळें.

आतां पाश्चात्त्यांकडे पाहूं. ग्रीक सेनानी झेनोफन यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत अश्वारोहणावर एक पुस्तक लिहिलें. घोड्याच्या कपाळावरची झुलुप देवानें डोळ्यांच्या रक्षणासाठीं दिली आहे, आणि शेंपूट माशा हांकण्यासाठीं आहे, म्हणून हे केंस पाण्यानें धुवून वाढूं द्यावे, असें त्याचें मत आहे. त्याच पुस्तकांत त्याच्या काळची एक समजूतहि नमूद आहे: घोडीची आयाळ सुंदर असेपर्यंत ती गर्दभास जवळ येऊं देत नाहीं, म्हणून खेचरांची पैदास करणारे तिची आयाळ कापून टाकीत. म्हणजे तेथेंहि ज्ञान आणि भाबडेपणा हे शेजारीं शेजारींच नांदत होते.

अंगावरचे केंस सरसकट कातरण्याची चाल इंग्लंडांत मात्र फार जुनी नाहीं. १८०८ ते १८१४ या वर्षांत स्पेन व पोर्तुगाल येथें नेपोलियनच्या फौजांशीं जें युद्ध झालें, त्यांत गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनीं तेथील खेचरवाल्यांस आपलीं जनावरें कातरतांना पाहिलें आणि ती रीति मायदेशीं नेली, असें तेथील लेखक सांगतात. प्रथम हें काम फणी व कात्री घेऊन करावें लागे. एक घोडा पुरा करण्यास दिवसच्या दिवस लागत. कोणी केंस कातरण्याऐवजीं दिव्याच्या ज्योतीनें त्यांचीं टोकें जाळीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दोन दांतेरी पात्यांचें हातयंत्र आलें. मग एकानें चाक फिरवावें व दुसऱ्यानें पातें चालवावें, अशीं यंत्रें निघालीं. अमेरिकेंत शिकागो येथें १८९७ सालीं निघालेली एक कंपनी प्रथम मेंढ्यांची लोकर व घोड्यांचे केंस कातरण्याचीं यंत्रें करीत होती. तीच पुढें सनबीम या नांवानें विजेच्या घरगुती उपकरणांबद्दल प्रसिद्धीस आली. आज विजेवर किंवा बॅटरीवर चालणारें यंत्र कोणासहि विकत मिळतें, आणि एका तासाच्या आंत-बाहेर घोडा सफाचट होतो. काम सोपें झालें. पण तें करावें कीं नाहीं, हा विचार मात्र त्यामुळें सोपा झाला नाहीं. यंत्र हातीं आलें म्हणजे मनुष्य विचार करणें सोडतो, हा अनुभव घोड्यांपुरताच आहे असेंहि नाहीं.

इंग्रज लोक केंस कातरीत, यास एक चांगलें कारण होतें. त्यांच्या देशांत शिकारीचा हंगाम हिवाळ्यांत. घोडा दोन-तीन तास दौडला म्हणजे घामानें निथळतो. अंगावर दाट लव असली तर ती रात्रीपर्यंत वाळत नाहीं, आणि ओल्या अंगास थंडी बाधते. केंस कमी केले तर घाम लवकर सुकतो व मोतद्दारास अंग पुसणें सुलभ जातें. तेथेंहि शहाण्या लोकांनीं सरसकट सफाई न करतां कामाप्रमाणें प्रकार ठरविले. शिकारी घोड्याचे पाय व खोगिराखालची जागा तशीच ठेवावी, म्हणजे काट्यांपासून व घर्षणापासून रक्षण होतें. गाडीच्या घोड्याचे केंस फक्त जोताच्या पट्ट्यांच्या खालीं, पोट, छाती व मान येथेंच काढावे, कारण घाम तेथें अधिक येतो. आणि कातरलेल्या घोड्यास अंगावर झूल, आडोशाचा तबेला व वाढीव दाणा दिलाच पाहिजे, हा या सर्व पद्धतीचा पाया होता. आम्हीं त्यांची कात्री घेतली. झूल आणि दाणा घेण्यास मात्र विसरलों.

झूल विसरल्यानें काय होतें, हें खुद्द इंग्रजांसच एकदां फार महागांत शिकावें लागलें. पहिल्या महायुद्धांत फ्रान्सच्या आघाडीवर घोड्यांमध्यें खरूज फार पसरली. ही खरूज कातडींत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांमुळें होते, आणि केंस काढल्याशिवाय औषध नीट लागत नाहीं. म्हणून भर हिवाळ्यांत घोडे सरसकट कातरण्यांत आले. १९१७ चा तो हिवाळा अत्यंत कडक निघाला, चाऱ्यांतहि कपात झाली होती, आणि एप्रिलांत अरासच्या लढाईच्या वेळीं बर्फ व पाऊस पडत होता. उघड्या अंगाचे, अर्धपोटीं घोडे चिखलांत उभ्या उभ्या कोसळले. शत्रूच्या तोफांनीं मारले त्यांची गोष्ट निराळी; पण हे घोडे थंडी, उपासमार आणि अवेळीं फिरविलेली कात्री यांनीं मिळून मारले. हेतु चांगला होता, औषधहि खरें होतें. चुकली ती वेळ.

वेळेचा विचार कां महत्त्वाचा, हें समजण्यास घोड्याच्या केंसांची व्यवस्था समजून घेतली पाहिजे. घोड्याच्या अंगावर हिवाळी लव येते ती मुख्यतः थंडीमुळें नव्हे, तर दिवस लहान होऊं लागल्यामुळें. डोळ्यांतून जाणारा प्रकाश कमी झाला कीं शरीरांतील स्राव बदलतात आणि लांब केंस वाढूं लागतात. दिवस मोठा होऊं लागला कीं तेच केंस गळतात. म्हणूनच पैदाशीच्या तबेल्यांत रात्रीं दिवे लावून दिवस सोळा तासांचा केला, तर घोडा हिवाळा संपण्यापूर्वींच लव टाकतो. थंडींत हे केंस उभे राहतात व त्यांच्यामध्यें हवेचा थर अडकतो. तोच घोड्याची रजई होय. कातरलेला घोडा ही रजई हरवून बसतो, आणि अंग ऊबदार ठेवण्यासाठीं त्यास तितकी वैरण अधिक जाळावी लागते. वैरण कमी पडली तर त्याचें मांस जळतें.

आतां हा हिशेब नाशकास लावून पाहूं. लंडनमध्यें हिवाळ्यांतला सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनहि कमी असतो व उन्हाळ्यांतला मोठा दिवस साडेसोळा तासांच्या घरांत जातो. नाशकांत लहान दिवस सुमारें अकरा तासांचा, आणि मोठा तेरा तासांहून किंचित् अधिक. दिवसाच्या लांबींत येथें फारसा फरकच पडत नाहीं. म्हणून येथील घोड्यास विलायती घोड्यासारखी दाट लव येत नाहीं. काठेवाडी व मारवाडी घोडे तर मूळचेच बारीक केंसांचे. उलट पक्षीं आमची थंडी विचित्र आहे. निफाडकडे हिवाळ्यांत पारा पांच अंशांच्या खालीं उतरल्याच्या बातम्या आपण दरसाल वाचतों. आणि त्याच दिवशीं दुपारीं चांगलें ऊन पडलेलें असतें. अशा हवेंत जी थोडीशी लव घोड्यास मिळते, ती रात्रीं फार मोलाची असते. जेथें मूळचें पांघरूणच पातळ, तेथें तेंहि काढून घेणें यास निगा म्हणत नाहींत.

आणि हें पांघरूण येथें काढलें जातें तें कोणत्या कामासाठीं? वरातीची घोडी दौडत नाहीं. ती वाजंत्र्यांच्या मागून पावलापावलानें चालते, मध्येंच थांबते, आणि बहुधा रात्रींच्या थंड हवेंत उभी राहते. तिला घाम येण्याचें काम नाहीं. म्हणजे केंस कातरण्याचें मूळ कारणच तेथें नाहीं. तरी हौसेपायीं कोठें कोठें तिच्या पुठ्ठ्यावर वेलबुट्टी कोरतात, अंग चकाकावें म्हणून लव उडवितात, आणि तोंड साफ दिसावें म्हणून नाकाभोंवतींच्या मिशाहि काढतात. या मिशा शोभेच्या नव्हेत. घोड्यास आपल्या नाकासमोरची जागा दिसत नाहीं. तोबऱ्यांत काय आहे, भिंत किती जवळ आहे, हें त्यास या मिशांच्या स्पर्शावरून कळतें. जर्मनींत या मिशा कापण्यास १९९८ पासून मनाई आहे, आणि आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघानें १ जुलै २०२१ पासून, मिशा काढलेल्या घोड्यास आपल्या स्पर्धांत उतरूं न देण्याचा नियम केला आहे. शेंपूट छाटण्याची जुनी इंग्रजी चाल ब्रिटननें १९४९ च्या कायद्यानें बंद केली. ज्यांच्यापासून आम्हीं नखरा उचलला, त्यांनीं तो टाकून दिला. आम्ही मात्र उतरलेल्या कपड्यासारखा तो अद्याप मिरवीत आहों.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका मानीत नाहीं. घोडेवाला गरीब असतो. लग्नसराईच्या थोड्या दिवसांत त्यास वर्षाची कमाई करावी लागते. घोडी सजलेली नसेल तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. मग तुम्ही त्यास उपदेश कां करतां? आमचें म्हणणें असें कीं, दोष एकट्या घोडेवाल्याचा नाहींच. हौस गिऱ्हाइकाची आहे, आणि गिऱ्हाईक म्हणजे आमचे सुशिक्षित वाचकच. जो व्यापारी आपल्या दुकानांतला माल पावसानें भिजूं नये म्हणून ताडपत्री घालतो, त्यानें मुलाच्या वरातीसाठीं घोडी ठरवितांना ‘हिची झूल कोठें आहे?’ एवढा एकच प्रश्न विचारला, तर उपदेशापेक्षां त्याचा परिणाम अधिक होईल. जरीची झूल घोडीस शोभूनहि दिसते आणि ऊबहि देते. शृंगार पाहिजेच असेल तर तो असा कां असूं नये?

केंस कधींच कातरूं नयेत, असें आम्ही म्हणत नाहीं; तशी आंधळी बंदी म्हणजे दुसरी रूढीच होईल. जो घोडा थंडींत रोज घाम गळेपर्यंत राबतो, त्याच्या मानेखालचे, छातीचे व पोटाचे केंस काढावे. पाठ, पाय व खोगिराची जागा राखावी. कातरण्यापूर्वीं अंग स्वच्छ व कोरडें असावें. पातें तापलें तर थांबून गार करावें. कातरल्या दिवसापासून रात्रीं झूल घालावी व वैरण वाढवावी. ज्यास हें परवडत नाहीं, त्यानें कातरूं नये. खरारा रोज करावा. त्यानें मेलेले केंस आपोआप निघतात, आणि बहुतेक घोड्यांस तेवढें पुरतें. उन्हाळा आला तरी लांब केंस गळत नाहींत असा म्हातारा घोडा दिसला, तर तें पुष्कळदां मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथीच्या रोगाचें लक्षण असतें. त्याचे केंस कातरावेच, पण त्यास पशुवैद्यासहि दाखवावें. आणि सर्वांत मोठी गोष्ट यंत्राची. गजकर्ण व खरूज हे रोग एकाच खराऱ्यानें, एकाच झुलीनें व एकाच पात्यानें एका घोड्यावरून दुसऱ्यावर जातात. घोड्याचें गजकर्ण माणसासहि होतें. सिंहस्थासारख्या प्रसंगीं गांवोगांवचे घोडे एका ठिकाणीं जमतात. तेथें एक यंत्र दहा घोड्यांवर न धुतां फिरलें, तर तो रोग दहा गांवीं जाईल. म्हणून प्रत्येक घोड्यानंतर पातें साफ करून जंतुनाशकांत बुडविणें, हा नियम पाळलाच पाहिजे.

सरकारचे व महानगरपालिकेचेंहि यांत कर्तव्य आहे. जनावरांस क्रूरपणें वागविण्याविरुद्धचा कायदा १९६० सालीं झाला. गाडीच्या व ओझ्याच्या जनावरांविषयींचे नियम १९६५ सालीं झाले. त्यांप्रमाणें अशा जनावरास दिवसांत नऊ तासांहून अधिक आणि विसाव्यावांचून सलग पांच तासांहून अधिक राबवितां येत नाहीं, व पारा ३७ अंशांपलीकडे असतां दुपारीं बारा ते तीन या वेळांत जुंपतां येत नाहीं. नाशकाच्या एप्रिल-मे महिन्यांत हा शेवटचा नियम किती दिवस लागू पडेल, याचा वाचकांनींच विचार करावा. नियम पुस्तकांत आहेत. ते पाळण्याची सोय रस्त्यावर हवी. मिरवणुकींच्या मार्गावर पाण्याचे हौद, घोड्यांसाठीं सावलीची जागा, आणि जमलेल्या घोड्यांची कातडी तपासून रोगी घोडा वेगळा काढणारा पशुवैद्य, एवढ्या तीन गोष्टी झाल्या तरी पुष्कळ होईल. मुंबईंत १८७४ सालीं प्राणिसंरक्षक मंडळी स्थापन झाली, १८८३ सालीं परळास बाई साकरबाई पेटिट यांच्या नांवें जनावरांचें इस्पितळ निघालें, आणि १८८६ सालीं पशुवैद्यकाचें कॉलेज सुरू झालें. म्हणजे ज्ञान जवळ येऊन शतकाहून अधिक काळ लोटला आहे. थळ घाट चढून तें आमच्या तबेल्यांत अजून पुरतें आलेलें नाहीं, इतकेंच.

घोडेवाल्यांनीं आणखी एका गोष्टीचा विचार करावा. मुंबईंतील व्हिक्टोरिया गाड्यांची हौसेची सफर २०१५ च्या जून महिन्यांत उच्च न्यायालयानें बेकायदेशीर ठरविली, आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललेला तो धंदा मोडीत निघाला. जो धंदा आपल्या जनावराची निगा आपण होऊन राखत नाहीं, त्याच्यावर शेवटीं बाहेरून बंदी येते, आणि मग जनावराबरोबर धन्याचेंहि पोट उघडें पडतें. नाशकांत तशी वेळ येऊं नये, अशी आमची इच्छा आहे. कौटिल्याच्या पागेंत केशकार चुकला तर त्याचा एक दिवसाचा पगार कापला जाई. आमच्या पागेंत चूक धन्याची होते, आणि थंडींत कुडकुडून तिचा दंड भरतो घोडा. हा हिशेब उलटा आहे. तो सुलटा करणें आमच्याच हातीं आहे.